उकंड्या, कवडू, सुपडू : आमच्या नांवांची हकीकत

(नागपूर येथें एका बारशाच्या प्रसंगीं केलेलें भाषण)



आज पाळण्यांत निजलेली पोर ही माझी नात. तिचें नांव अद्याप ठरावयाचें आहे, आणि तें ठरण्यापूर्वीं चार शब्द बोला, असें घरच्या मंडळींनीं मला सांगितलें. मी कांहीं पंडित नव्हे. कास्तकाराचा पोरगा, काटोलकडे आमचें वावर. परंतु नांव या विषयावर बोलण्याचा मला एक अधिकार आहे. तो असा कीं, माझें स्वतःचें नांव उकंड्या.

हंसूं नका, किंवा हंसा, मला त्याची संवय आहे. उकंड्या म्हणजे उकिरड्यावरचा. माझ्या आधींचीं मायचीं दोन लेंकरें गेलीं. मी जन्मलों तेव्हां तिनें मला सुपांत घालून उकिरड्यावर नेऊन ठेविलें. सुईणीनें मला तेथून उचललें आणि पसाभर ज्वारी घेऊन मायलाच परत विकलें. हेतु हा कीं, मृत्यु दारीं आलाच तर त्यानें म्हणावें, हें तर टाकून दिलेलें, विकत घेतलेलें पोर. याला नेऊन काय करावयाचें? अशा रीतीनें मृत्यूला फसविण्याकरितां माझें नांव उकंड्या ठेविलें गेलें. मी जगलों. मृत्यु फसला कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं. परंतु पुढें सारा गांव मात्र फसला, कारण सर्वांनीं मला खरोखरच उकिरड्यावरचा मानिलें.

आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे अशीं नांवें गांवोगांव सांपडतील. कवडीला विकत घेतलेला तो कवडू. सुपांत घातलेला तो सुपडू. भीक मागून वांचविलेला तो भिकाजी. केरांत लोळविलेला तो केरबा, आणि कचऱ्यांत लोळविलेला तो कचरू. दगडासारखा टिको म्हणून धोंडू आणि दगडू. फकिराच्या दुव्यानें झालेला तो फकीरा. या प्रत्येक नांवामागें एक मेलेलें लेंकरूं आणि एक भ्यालेली माय उभी आहे. ज्या काळीं देवी, पटकी आणि धनुर्वात यांनीं घरचे पाळणे रिकामे होत, आणि दवाखाना वीस कोसांवर असे, त्या काळीं गरीब बाईच्या हातीं दुसरें कोणतें औषध होतें? तिनें नांवाचें औषध केलें. म्हणून माझें पहिलें सांगणें हें कीं, आपल्या आजोबापणजोबांच्या नांवांची लाज धरूं नका. तीं नांवें तिरस्कारानें ठेविलेलीं नव्हतीं. मायेनें ठेविलेलीं होतीं.

ही समजूत आपल्या एकट्यांची आहे असेंहि नाहीं. चीन देशांतील खेड्यांत मुलगा जगावा म्हणून त्याला कुत्र्याच्या उष्ट्याचें नांव देण्याची चाल होती. कुत्र्यानेंहि टाकलेलें पोर भुताखेतांनीं तरी कशाला न्यावें, हाच तेथील मायचा हिशेब. काटोलची माय आणि चीनची माय यांची कधीं गांठ पडली नाहीं. पण दुःख एक, म्हणून युक्ति एक.

बरें, आपल्याच देशांत ही चाल केवळ शेतकऱ्याकारागिरांतच होती काय? तेंहि नाहीं. ज्यांनीं विधवांच्या शिक्षणासाठीं आयुष्य वेंचलें आणि ज्यांना 1958 सालीं भारतरत्न मिळालें, त्या महर्षि कर्व्यांचें नांव धोंडो. म्हणजे धोंडाच. पण गंमत पाहा. ब्राह्मणाच्या घरचा धोंडा धोंडोपंत होतो. पाटलाच्या घरचा धोंडा धोंडीराव किंवा धोंडीबा होतो. आणि मजुराच्या, महाराच्या, मांगाच्या घरचा धोंडा जन्मभर धोंड्याच राहतो. धोंडा एकच, फरक शेंपटांत आहे. पंत, राव, जी, बा आणि या, ही आमच्या समाजाची पांच पायऱ्यांची शिडी होय. माणूस कोणत्या पायरीवर उभा करावयाचा तें त्याची माय ठरवीत नाहीं, तर त्याला हांक मारणारा ठरवितो. मायनें हौसेनें रामा म्हणावें, आणि सावकारानें राम्या म्हणावें. मायनें दिलेलें नांव आणि दुसऱ्यानें चिकटविलेला ‘या’ या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें पक्कें ध्यानांत धरा.

आतां कोणी म्हणेल कीं ही नुसती बोलण्याची लकब आहे, तिला एवढें महत्त्व कशाला? तर त्याला मनुस्मृतीचा दुसरा अध्याय दाखवा. तेथें स्पष्ट लिहिलें आहे कीं, ब्राह्मणाचें नांव मंगल असावें, क्षत्रियाचें बलाचें, वैश्याचें धनाचें आणि शूद्राचें नांव किळस येईल असें असावें. पुढच्याच श्लोकांत सांगितलें आहे कीं, शूद्राच्या नांवांतून चाकरी दिसावी. पाळण्यांतल्या पोराच्या कपाळीं चाकरी लिहावयाची, आणि तीहि नियमानें! या ग्रंथाची होळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं महाड येथें 25 डिसेंबर 1927 रोजीं झाली. पण कागद जळाला तरी जिभेवरचा ‘या’ जळावयास फार दिवस लागतात. तो अजून कोठें कोठें धुमसतो आहे.

तरीपण, मित्रहो, ज्यांना हीन नांव चिकटविलें त्यांनींच त्या नांवाचें सोनें करून दाखविलें, याचे दाखले शोधावयास आपल्याला नागपूर-अमरावतीबाहेर जावयास नको. अमरावती जिल्ह्यांतल्या शेंडगांवीं 1876 सालीं परटाच्या घरीं डेबूजी झिंगराजी जाणोरकर नांवाचें मूल जन्मलें. हातांत खराटा आणि मडक्याचें फुटकें खापर घेऊन तो गांवोगांव फिरला. लोक त्याला गाडगेबाबा म्हणूं लागले. गाडगें म्हणजे मातीचें भांडें. कुंभाराच्या हातचें, पैशाअडक्याचें. त्याच जिल्ह्यांतल्या यावलीस 1909 सालीं शिंप्याच्या घरीं माणिक नांवाचा मुलगा जन्मला. तो पुढें तुकड्या झाला. भाकरीचा तुकडा तो तुकड्या. तुकडोजी महाराजांनीं आपल्या भजनांत स्वतःला ‘तुकड्या’च म्हणवून घेतलें, ‘या’सकट! आज अमरावतीच्या विद्यापीठावर गाडग्याचें नांव आहे, आणि 1923 सालीं स्थापन झालेल्या आपल्या नागपूरच्या विद्यापीठावर 2005 पासून तुकड्याचें नांव आहे. ज्यांच्या घरीं अक्षर नव्हतें त्यांचीं नांवें पदवीच्या कागदावर छापलीं जातात. मनूनें किळस येणारें नांव ठेवण्यास सांगितलें. लोकांनीं त्यापुढें हात जोडले.

आणखी मागें जा. मंगळवेढ्याचे संत महार जातीचे. त्यांना विठोबाच्या देवळांत पाऊल ठेवूं देत नव्हते, कारण विटाळ होईल. त्यांचें नांव काय? चोखा. चोखा म्हणजे शुद्ध, निर्भेळ! ज्याला सगळे अशुद्ध म्हणत, त्याच्या आईबापांनीं त्याला शुद्ध म्हणून हांक मारिली. यापेक्षां चोख जबाब दुसरा कोणता?

आडनांवाची गोष्टहि अशीच आहे. महात्मा जोतिरावांच्या घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. पुण्यास त्यांच्या वडीलमंडळींनीं फुलांचा धंदा केला, त्यावरून लोक फुले म्हणूं लागले, आणि तेंच आडनांव महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें. आपल्या हातच्या धंद्याचें नांव लावणें ही साऱ्या जगाची रीत आहे. इंग्रजांत स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार. जर्मनांत वेबर म्हणजे विणकर, म्हणजे आपला कोष्टी. आणि म्युलर म्हणजे चक्कीवाला. 1979 पासून 1990 पर्यंत विलायतेच्या मुख्य प्रधान असलेल्या बाईंचें सासरचें आडनांव थॅचर. त्याचा अर्थ छप्पर शाकारणारा. छप्परवाल्याचें आडनांव लावून त्या बाई राज्य करून गेल्या, आणि कोणी त्यांना त्यांचा धंदा विचारला नाहीं. आमच्याकडे मात्र लोहार, कुंभार, तेली, शिंपी हें आडनांव सांगतांना पोरगा मान खालीं घालतो, कारण येथें धंद्याचें नांव नुसतें धंद्याचें राहत नाहीं. तें जातीचें दाखलें होऊन बसतें. समोरचा माणूस आडनांव विचारतो तें ओळख व्हावी म्हणून नव्हे, पाट कोठें मांडावा हें ठरविण्यासाठीं.

कांहीं लोकांना नांव तरी होतें. कांहींना तेंहि घेण्याची बंदी होती. जपानांत शेतकरी आणि कारागीर यांना उघडपणें आडनांव लावण्याची मुभा नसे. 1875 सालीं तेथील सरकारनें प्रत्येकानें आडनांव लावावें असा कायदा केला. अमेरिकेंतल्या काळ्या गुलामांना मालक म्हणेल तें नांव असे. 1865 सालीं ते कायद्यानें मोकळे झाले. बुकर वॉशिंग्टन या नांवाचे त्यांचे एक मोठे शिक्षक होऊन गेले. लहानपणीं ते शाळेंत गेले तेव्हां हजेरींत प्रत्येक मुलाचीं दोन दोन नांवें; यांना ठाऊक एकच, बुकर. मास्तरांची पाळी जवळ येईपर्यंत त्या पोरानें मनाशीं विचार केला आणि नांव विचारतांच बेधडक सांगितलें, बुकर वॉशिंग्टन. आपलें आडनांव आपणच घेऊन तें पोर खालीं बसलें. जोतिरावांनीं 1873 सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलें, तें उगीच नव्हे. गुलामाची पहिली खूण पायांतली बेडी नसते. दुसऱ्यानें ठेविलेलें नांव असतें.

आमच्या नागपुरानें हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजीं येथें बाबासाहेबांनीं लाखों लोकांसह बौद्ध धम्म घेतला. त्यानंतर या शहराच्या वस्त्यांत पाळण्यांतलीं नांवें बदललीं. गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा. आजा कचरू आणि नातू सिद्धार्थ. एका पिढीचें अंतर, पण मनूचा श्लोक तेवढ्यांत ओलांडला गेला. यांतलें मिलिंद हें नांव तर मूळचें एका यवन राजाचें, मिनँडर याचें. म्हणजे ग्रीक नांव पाली भाषेंतून फिरत फिरत नागपूरच्या चाळींत येऊन पोंचलें.

कोणी म्हणतात कीं परकीं नांवें घेऊं नयेत, आपलीं शुद्ध असावींत. शुद्ध कोणतें तें मला दाखवा. शहाजी आणि शरीफजी हीं भोसले घराण्यांतलीं दोन भावांचीं नांवें अहमदनगरच्या शाहशरीफ पिराच्या नवसानें ठेविलीं असें सांगतात. आणि शिवाजीराजांचें नांव शिवनेरीच्या शिवाई देवीवरून. बाप पिराचा, लेक देवीचा, आणि घराणें मराठ्यांचें! हैबतराव, गुलाबराव, फिरंगोजी, हीं कोणत्या वेदांतलीं? आणि ज्यानें हें नागपूर वसविलें त्या गोंड राजाचें नांव बख्त बुलंद. फारसींत अर्थ थोर नशीबाचा. शहर गोंडाचें, नांव फारसी, आणि त्यांत राहणारे आपण सर्व. गोंड बांधवांचीं आडनांवें, उईके, मडावी, आत्राम, टेकाम, हीं त्यांच्या कुळांचीं आहेत. चार देव, पांच देव, सहा देव, सात देव अशा त्यांच्या मांडणींत कोणाशीं सोयरीक करावी आणि कोणाशीं करूं नये हें आडनांवावरून कळतें. ज्यांना अडाणी म्हणतात त्यांच्या आडनांवांत असा जुना कायदा लिहिलेला आहे.

आपल्याकडे वारावरून सोमा, मंगरू, बुधाजी, शुकरू अशीं नांवें असत. तीं गांवंढळ म्हणून हल्लीं टाकतात. पश्चिम आफ्रिकेंत घाना म्हणून देश आहे. तेथील अकान लोक मुलाला जन्मवाराचेंच नांव देतात. शनिवारचा मुलगा क्वामे, शुक्रवारचा कोफी. त्या देशाचा पहिला पुढारी क्वामे एन्क्रूमा. आणि साऱ्या राष्ट्रांच्या संघाचे 1997 पासून 2006 पर्यंत मुख्य चिटणीस असलेले कोफी अन्नान. म्हणजे आपल्या भाषेंत शुकरूच! शुकरूनें जगाचा कारभार पाहिला. मग आपण शुकरूला कां लाजावें?

आतां माझ्या मायबहिणींकडे वळतों, कारण नांवाचा सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावर झाला आहे. मुलाला उकिरड्याचें नांव ठेविलें तें तो जगावा म्हणून. मुलीला नकुशी नांव ठेविलें तें कशासाठीं? ती नको म्हणून, आणि पुढें मुलगा व्हावा म्हणून. या दोन नांवांत जमीनअस्मानाचा फरक आहे. सातारा जिल्ह्यांत 2011 सालीं दोनशेंहून अधिक मुलींनीं एका समारंभांत आपलें नकुशी हें नांव टाकून दुसरें नांव घेतलें. त्या पोरींना वर्गांत रोज हजेरीला ‘नको असलेली’ म्हणून उभें राहावें लागे, आणि उत्तर द्यावें लागे, हजर! ज्यांच्या घरीं असें नांव असेल त्यांनीं उद्यां तें बदलावें. त्याला मुहूर्त नको.

बाईचें आणखी एक दुःख आहे. माहेरचें नांव लग्नांत पुसलें जातें. आणि पोराच्या नांवांत बापाचें नांव येतें, नऊ महिने वाहणारीचें येत नाहीं. आइसलंड देशांत मुलीच्या नांवापुढें बापाची किंवा आईची मुलगी असें लागतें आणि लग्नानें तें बदलत नाहीं. स्पेनांत मुलाला बापाचें आणि आईचें अशीं दोन्ही आडनांवें असतात. आपल्या राज्याच्या सरकारनेंहि 2024 सालीं ठरविलें कीं, 1 मे 2024 रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव सरकारी कागदांवर लिहितांना आधीं मुलाचें, मग आईचें, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव असावें. माझी नात या नियमांत बसते. माझ्या मायचें नांव माझ्या एकाहि कागदावर नाहीं. जिनें मला उकिरड्यावरून परत विकत घेतलें, तिचा कागदावर पत्ता नाहीं! नातीच्या कागदावर तिच्या मायचें नांव येईल, याचा मला जो आनंद आहे तो तुम्हांस सांगतां येत नाहीं.

कागदावरून आठवलें, आतां कामाचें सांगतों. शाळेंत माझें नांव मास्तरांनीं उकंडराव लिहिलें, सात-बारावर तलाठ्यानें उकंड्या लिहिलें, आणि पेढीच्या पुस्तकांत तें उकर्डा झालें. एक माणूस, तीन कागद, तीन माणसें. पीककर्जाकरितां मी तीन हंगाम फेऱ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणीं विचारीत, हा दुसरा कोण? पेरणीचे दिवस निघून गेले आणि मी मीच आहे हें सिद्ध करीत बसलों. म्हणून सांगतों, जन्माची नोंद 21 दिवसांच्या आंत करा. तिला पैसे पडत नाहींत. नोंदींत नांव घालावयाचें राहिलें तर 12 महिन्यांच्या आंत फुकट घालतां येतें. त्यापुढें 15 वर्षांपर्यंत विलंबाची फी भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासूनच्या जन्मांना शाळेंतील प्रवेशापासून पुढें सर्वत्र जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा धरला जातो. जें नांव दाखल्यावर, तेंच शाळेंत, तेंच सात-बारावर, तेंच पासबुकावर, काना-मात्रेसकट. लिहिणाऱ्याला मोठ्यानें वाचून दाखवावयास सांगा. वाचतां येत नसेल तर शिकलेलें पोर बरोबर न्या. लिहिणारा ‘या’ लावूं लागला तर तेथेंच हात धरा.

नांव कोणतें ठेवावें? पंचांग पाहून अक्षर काढून देणारे आहेत. अलीकडे आंकडे मोजून नांवांत एखादें अक्षर वाढविण्याचे पैसे घेणारेहि निघाले आहेत. एका अक्षरानें नशीब फिरतें तर अक्षर विकणाऱ्यानें आधीं स्वतःचें फिरवून घेतलें असतें. आपल्या बारशांत बाळाच्या कानांत नांव सांगण्याचा मान कोणाचा आहे? भटाचा नव्हे, जोश्याचा नव्हे, आत्याचा! आमच्या वाडवडिलांनीं हा अधिकार घरच्या बाईकडे ठेविला आहे. तो दक्षिणा देऊन दुसऱ्याला कां द्यावा? नांव असें ठेवा कीं ज्याचा अर्थ पोराला विचारला तर सांगतां यावा, जें आजीला नीट उच्चारतां यावें, आणि ज्यानें कोणाचा कमीपणा होऊं नये. आणि आपण सुद्धां आपल्या वावरांतल्या गड्याला, दारीं येणाऱ्या कारागिराला पुरें नांव घेऊन हांक मारा. दुसऱ्याचा ‘या’ काढल्याशिवाय आपला निघणार नाहीं.

मला पुष्कळांनीं विचारलें, तुम्ही आपलें नांव बदललें कां नाहीं? राजपत्रांत छापून बदलतां आलें असतें. माझा धाकटा भाऊ कवडू होता. त्यानें बदललें आणि तो केशवराव झाला. त्यानें चांगलेंच केलें. त्याला कचेरींत रोज चार माणसांत बसावयाचें होतें. मी बदललें नाहीं, कारण माझ्या मायचा हात त्या नांवांत आहे. तिला लिहितां येत नव्हतें. तिनें लिहिलेलें असें माझ्यापाशीं तेवढें एकच आहे. पण माझ्यावर तें संपावें. नातीला लस टोंचली आहे, दवाखाना हांकेच्या अंतरावर आहे, तिला उकिरड्यावर ठेवावयाचें कारण उरलें नाहीं. मृत्यूला फसवावयाचें नांव आतां नको. जगांत उभें राहावयाचें नांव हवें.

तें कोणतें, हें मलाहि ठाऊक नाहीं. तिची आत्या मघांपासून पाळण्यापाशीं खोळंबली आहे, आणि मान तिचा आहे. मी येथेंच पुरें करतों.